आजीला मुकी करू नका

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या आईला गप्प बसवले. भांडण झाले नाही, कुणाचा आवाज चढला नाही. "आई, तिच्याशी शक्यतो इंग्रजीत बोल, आणि ते जमत नसेल तर निदान नवीन काही शिकवू तरी नकोस," एवढेच मी म्हणालो. आईने मान डोलावली. जिने आयुष्यभर वाडीत राबून, पहाटेच्या लोकलने फुलांची टोपली दादरला नेऊन मला शिकवले, तिला तिच्याच ओटीवर, तिच्याच नातीशी बोलायला मी बंदी केली. हा लेख त्या अपराधाची जाहीर कबुली आहे. परंतु केवळ कबुली देऊन थांबण्याचा माझा विचार नाही. कारण हा अपराध मी एकट्याने केलेला नाही. आपल्या धर्मग्रामांतील किती घरांत तो रोज घडतो आहे हे आपण सारे जाणतो, आणि जाणूनबुजून त्याला 'मुलांचे भले' असे गोंडस नाव देतो. माझे भांडण त्या नावाशी आहे.

आमची लेक त्या वेळी पावणेदोन वर्षांची होती. चालायला लागून सहा-सात महिने झालेले, त्यामुळे घरात आता एकही वस्तू जागेवर राहत नव्हती. सकाळी उठली की अंगणातल्या कोंबड्यांमागे धावायचे, उंबरठ्यावर बसून मुंग्या न्याहाळायच्या, बावखलाच्या दिशेने पाय वळले की कुणीतरी धावत जाऊन तिला उचलून आणायचे, असा तिचा दिनक्रम. तोंडात पंधरा-वीस शब्द होते. काऊ, हम्मा, माऊ, भूर, बाऊ, मम्मम. आणि 'जेजू'. हा शब्द तिला आजीने दिला. आमच्या घरात आता माझ्या आईखेरीज तो कुणाच्या तोंडी नाही; आम्ही सारे शुद्ध मराठीत 'येशू' म्हणतो. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की आई तिला कडेवर घेऊन वेदीपाशी नेई, मेणबत्ती लावी आणि "जेजूला पापा दे" म्हणे. लेक ओठांचा चंबू करून हवेतच पापा देई. आमच्या घरातील श्रद्धेचे सारे शिक्षण त्या वेळी एवढेच होते, आणि तेवढे पुरेसे होते.

मग आम्ही उभयतां एका नामांकित शाळेच्या शिशुवर्गाची चौकशी करायला गेलो. तेथील बाईंनी गोड हसून पहिला प्रश्न विचारला, "घरी इंग्रजी बोलता ना?" आम्ही चाचरत "थोडेफार" म्हणालो. "थोडेफार चालणार नाही. आतापासून सवय लावा. आजी-आजोबांनाही सांगा, नाहीतर मूल गोंधळते." वास्तविक २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने शाळाप्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केलेली आहे. परंतु त्या खोलीत मला कायदा आठवला नाही. मला आठवला तो माझा नोकरीतला पहिला दिवस, आणि इंग्रजीत एक वाक्य बोलताना फुटलेला घाम. त्या घामाची भरपाई मी माझ्या लेकीकडून करून घ्यायचे ठरवले. घरी आल्यावर आईला सूचना दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात इंग्रजी नांदू लागली.

ती कोणती इंग्रजी? हा प्रश्न प्रत्येक पालकाने स्वतःला विचारावा. माझी इंग्रजी कचेरीत घडलेली आहे. तिच्यात मला अर्ज लिहिता येतो, साहेबाला उत्तर देता येते, दूरध्वनीवर गिऱ्हाइकाची समजूत घालता येते. पण त्या भाषेत मला कुणी मांडीवर घेतलेले नाही. तिच्यात मला लटके रागावता येत नाही, गुदगुल्या करता येत नाहीत, चांदोबाशी भांडता येत नाही, घास भरवताना खोटे बोलता येत नाही. म्हणून तीन महिन्यांत माझ्या लेकीला माझ्याकडून मिळाले काय, तर 'कम', 'सिट', 'ईट', 'नो', 'डोन्ट टच', 'गुड गर्ल'. हुकूम, मनाई आणि शाबासकी. घोड्याला किंवा कुत्र्याला शिकवताना यापेक्षा फारसे वेगळे शब्द लागत नाहीत. ज्या भाषेत आई-बाप स्वतः गरीब आहेत, त्या भाषेत ते मुलाला श्रीमंत कसे करणार? आणि घरात भरलेली कणगी असताना शेजाऱ्याकडून उसने आणलेले ओंजळभर धान्य मुलाच्या ताटात वाढणे, याला शहाणपण म्हणावे काय?

आईने मात्र आज्ञा तंतोतंत पाळली. ती नातीला न्हाऊ घाली, भरवी, झोपवी; पण मुकाट्याने. नकळत एखादा शब्द निसटला की मी ओठांवर बोट ठेवून हसत "श्श्" करी. एके दिवशी दुपारी आई वेण्यांसाठी मोगरा निवडत बसली होती. लेक दारातून येताना दिसली तशी तिने सवयीने हात पसरून हाक मारली. चिमुरडी थबकली. तिने आजीकडे पाहिले, आपले इवलेसे बोट स्वतःच्या ओठांवर ठेवले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "श्श्."

आईने हात खाली घेतले आणि ती पुन्हा कळ्या निवडू लागली. मी आतल्या खोलीतून ते पाहिले. दोन वर्षांचेही नसलेले मूल आपल्या आजीला गप्प बसवत होते, आणि ते त्याला मी शिकवले होते.

त्या दिवसापासून मी या प्रश्नाचा जमेल तितका शोध घेतला. प्रथम 'गोंधळते' या शब्दाचा समाचार घेतो. १९६२ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे पील आणि लँबर्ट या संशोधकांनी फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांची तुलना एकभाषी मुलांशी केली. दोन भाषांमुळे बुद्धी मंदावते असा तोवर समज होता. निष्कर्ष उलटा निघाला: द्विभाषी मुले मागे तर नव्हतीच, उलट सरस ठरली. या गोष्टीला साठ वर्षे उलटून गेली, तरी आपल्या शिशुवर्गांतून तो जुना समज अजून पालकांच्या गळी उतरवला जातो. आपण वसईकर तर पिढ्यान्पिढ्या घरी सामवेदी किंवा वाडवळी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि चर्चमध्ये लॅटिन ऐकत आलो. आपले आजोबा कधी गोंधळले होते काय?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० साली दाखवून दिले की जन्मून दोन-तीन दिवसही न झालेले अर्भक आपल्या आईचा आवाज ओळखते आणि परक्या बाईच्या आवाजापेक्षा तो ऐकणे पसंत करते. म्हणजे भाषेची पहिली शाळा उदरात भरते. तेथे प्रवेशाची मुलाखत नसते. आणि २००३ साली पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींना समोर बसून खेळणाऱ्या, डोळ्यांत पाहणाऱ्या जिवंत माणसाकडून, तर काहींना तेच बोलणे पडद्यावरून किंवा केवळ ध्वनिफितीवरून. माणसाकडून ऐकणारी बाळे त्या भाषेचे ध्वनी शिकली; यंत्राकडून ऐकणारी काहीच शिकली नाहीत. भ्रमणध्वनीवर इंग्रजी बडबडगीते लावून मुलाला पाळण्यात ठेवणाऱ्या आणि आजीला दूर सारणाऱ्या आम्हा सुशिक्षितांनी या प्रयोगाचा अर्थ नीट समजून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाच्या आतील बाळांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाकाठी एक तासाहून अधिक दाखवू नये, असे सांगितले आहे. आजीसाठी मात्र अशी कोणतीही मर्यादा त्या संघटनेने घातलेली नाही. ती आम्ही घातली!

आता शब्दांचा हिशेब पाहू. आमच्या वाडीत राजेळी आहे, बसराई आहे, वेलची आहे. राजेळी वाळवून सुकेळी करतात, ती वेगळीच. इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या लेकीला हे सारे 'बनाना'. बोंबील, मांदेली, निवटी सगळे 'फिश'. मोगरा, जाई, सोनचाफा सगळे 'फ्लॉवर'. आत्या, मावशी, काकी, मामी सगळ्या 'आंटी', आणि रस्त्याने जाणारी अनोळखी बाईही 'आंटी'च. यात इंग्रजीचा दोष मुळीच नाही. ती समृद्ध भाषा आहे, आणि तिच्या स्वतःच्या मुलखात प्रत्येक फुलाला आणि प्रत्येक पाखराला तिच्याकडे नाव आहे. पण ती नावे आम्हाला ठाऊक नाहीत, आणि ती पाखरे आमच्या अंगणात येत नाहीत. परिणाम असा की मूल ज्या भूमीवर रांगते त्या भूमीचे नाव त्याला ठाऊक नसते, आणि ज्या गोष्टींची नावे ते घोकते त्या त्याने कधी पाहिलेल्या नसतात. ज्या गोष्टीला नाव नाही तिच्यावर माणूस माया कशी करील? आज आपण वाड्या विकल्या गेल्या, बावखले बुजली म्हणून हळहळतो. जमिनी हातातून जाण्याआधी त्यांची नावे मुलांच्या जिभेवरून गेली, हे आपण ध्यानात घेतले नाही.

तथापि हे एक ख्रिस्ती त्रैमासिक आहे, आणि माझा मुख्य युक्तिवाद याहून खोल जातो.

आपल्या श्रद्धेचे मर्म असे की, अनादी शब्द मनुष्य झाला. आपण नाताळात हे ऐकतो आणि गोठा सजवायला लागतो. पण क्षणभर विचार करा. शिशूसाठी लॅटिन भाषेत 'इन्फन्स' हा शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थच 'ज्याला बोलता येत नाही तो' असा आहे. ज्या शब्दाने विश्व निर्माण झाले, तो शब्द बेथलेहेमात बोलू न शकणारे बाळ झाला. मग त्याला बोलायला कुणी शिकवले? नाझरेथच्या त्या गरीब घरात मरियेने आणि योसेफाने. आमच्या लेकीप्रमाणेच तोही कधीतरी दीड-दोन वर्षांचा असेल, कोंबड्यांमागे धावला असेल, आईच्या ओठांकडे पाहून त्याने पहिली अक्षरे जुळवली असतील. ती अक्षरे कोणत्या भाषेची होती? त्या काळी साम्राज्याची सत्ता रोमकडे होती, आणि व्यापाराची व विद्येची भाषा ग्रीक होती. नाझरेथपासून तासा-दीड तासाच्या चालीवर सेफोरिस हे ग्रीक वळणाचे भरभराटीचे शहर होते. मुलाला सुताराच्या धंद्यात बरकत यावी म्हणून मरिया त्याच्याशी मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये बोलू शकली असती. तिने तसे केले नाही, याचा पुरावा शुभवर्तमानातच आहे.

चारही शुभवर्तमाने ग्रीकमध्ये लिहिलेली आहेत. परंतु संत मार्क लिहिता लिहिता काही ठिकाणी अडतो, आणि प्रभूचे मूळ अरामी शब्द तसेच्या तसे ठेवतो. याईराच्या मृत कन्येला उठवताना 'तलिथा कूम'. बहिऱ्या माणसाचे कान मोकळे करताना 'एफ्फाथा'. गेथशेमनी बागेत रक्ताचे पाणी होत असताना पित्याला मारलेली हाक 'अब्बा'. क्रुसावरचा अखेरचा आक्रोशही त्याच भाषेत. ध्यानात घ्या, पोटच्या मुलीला उठवताना, दुखणाईताला स्पर्श करताना आणि मरणाच्या दारात उभे असताना प्रभूच्या मुखातून आली ती त्याच्या आईची भाषा. माझ्या लेकीवर, देव न करो, पण कधी तरी दुःखाचा प्रसंग येईल, कारण तो कुणालाच चुकलेला नाही. त्या वेळी ती कोणत्या भाषेत हाक मारील? आम्ही तिला हुकमांची भाषा दिली, तर हंबरडा फोडायला तिच्यापाशी भाषाच नसेल.

आणखी एक प्रसंग. प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकोटीपाशी उभ्या असलेल्या पेत्राला लोकांनी ओळखले ते त्याच्या बोलण्यावरून. त्याची बोली गालीलची होती, खेडवळ होती, आणि राजधानीत ती लपत नव्हती. पेत्राने आपल्या गुरूला नाकारले. पण आपल्या बोलीला नाकारणे त्यालाही जमले नाही. आम्हाला ते जमले आहे. लोकलच्या डब्यात, मॉलमध्ये, शाळेच्या फाटकाशी आम्ही आमच्या घरच्या बोलीला रोज नाकारतो, आणि कोंबडा मात्र आरवत नाही.

कुणी म्हणेल, ही ओढूनताणून केलेली धर्मचर्चा आहे. तर मग ऐका. ७ जानेवारी २०१८ रोजी, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी सिस्टीन चॅपेलमध्ये बालकांना स्नानसंस्कार दिला. त्या वेळच्या छोट्याशा प्रवचनात त्यांनी पालकांना हेच सांगितले की, श्रद्धा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते ती बोलीतून. आई-बापांच्या, आजी-आजोबांच्या घरगुती, मायेच्या बोलीतून. धर्मशिक्षणाचे वर्ग नंतर येतात. घरात ती बोली नसेल तर ते अपुरे पडतात. हे उद्गार कुणा भाषाभिमानी पुढाऱ्याचे नाहीत. अर्जेंटिनात वाढलेल्या, इटालियन आजीच्या मांडीवर प्रार्थना शिकलेल्या एका नातवाचे ते आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले आणि मातृभाषांना वेदीपाशी प्रवेश दिला. शतकानुशतके लॅटिनमध्ये ऐकलेली मिस्सा आपल्या वाडवडिलांनी यथावकाश मराठीत ऐकली. पुढच्याच वर्षी परिषदेने कुटुंबाला 'गृहमंडळ' म्हटले, आणि आई-बाप हेच मुलांचे श्रद्धेतील पहिले प्रचारक, असे बजावले. ज्या मराठीला वेदीपाशी पोहोचायला इतकी शतके लागली, तिला आपण दोन पिढ्यांत पाळण्यापासून हाकलून देत आहोत.

इतिहासाचा आणखी एक दाखला द्यायलाच हवा. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा. त्यांनी मराठी आणि कोंकणी आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. आरंभीच त्यांनी मराठीचा जो गौरव केला आहे, तसा क्वचितच कुणी केला असेल. एक इंग्रज आपल्या आईची भाषा बाजूला ठेवून आमच्या आजीच्या भाषेत प्रभूची कथा सांगतो, आणि आम्ही त्याचे वारस आमच्या आजीची भाषा बाजूला ठेवून इंग्रजाच्या भाषेत बाळाला भात भरवतो!

याच्या उलट दाखलाही आहे. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की रहिवाशांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. व्हाइसरॉयच्या हाती सत्ता होती, तुरुंग होते. तरीही कोंकणी मेली नाही. १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. ती वाचली, कारण फर्मान काढणाऱ्याचा हात पाळण्यापर्यंत पोहोचत नव्हता. वसईतही १७३९ नंतर पोर्तुगीज गेले, त्यांचे पाद्री गेले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके देशी धर्मगुरू आणि घराघरांतल्या आया-आज्या राहिल्या. त्या आज्यांनी श्रद्धा टिकवली. व्हाइसरॉयला जे साधले नाही ते आज एक शिशुवर्ग आणि एक भित्रा बाप मिळून तीन महिन्यांत साधतात. मी साधले होते, म्हणून हे मी अधिकाराने लिहितो.

आता प्रामाणिक आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप पोटाचा. इंग्रजीशिवाय नोकरी नाही, प्रगती नाही. मला हे मान्य आहे. माझी लेक इंग्रजी शिकेल, उत्तम शिकेल, अशी माझी इच्छा आहे, आणि तिला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालणाऱ्या पालकांशीही माझे भांडण नाही. माझा प्रश्न शाळेचा नाही, घराचा आहे. इंग्रजी पाचव्या, सातव्या, दहाव्या वर्षीही शिकता येते. जग भरून लोक शिकले आहेत. पण आजीची मांडी दहाव्या वर्षी मिळत नाही. युनेस्कोने १९५३ सालीच शिक्षणाचा आरंभ मातृभाषेतून व्हावा असा निर्वाळा दिला, आणि आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेचे माध्यम असावे असे म्हटले आहे. शाळा ते मानोत वा न मानोत. घरावर तर कोणत्या शाळेची सत्ता चालत नाही ना?

दुसरा आक्षेप मिश्र विवाहांचा. आई मंगळूरची, बाप वसईचा. मग मुलाची भाषा कोणती? माझे उत्तर सोपे आहे: दोन्ही. आईने तिची कोंकणी द्यावी, बापाने त्याची मराठी. दोघांना एकमेकांशी बोलायला इंग्रजी लागली तर खुशाल बोलावी. मूल तीही कानावरून उचलील. दोन श्रीमंत आज्या असताना नातवंडाने भाषेत भिकारी का राहावे? कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात गेलेल्या आपल्या लेकरांनाही हेच सांगणे आहे. तेथे रस्ता, शाळा, खेळाचे मैदान सारे इंग्रजीच आहे. ती शिकवण्याची चिंता तुम्हाला नको. तुमच्या घराच्या चार भिंतींत तेवढी ओटी जिवंत ठेवा.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, आणि तो आम्हा मराठी लिहिणाऱ्यांवर उलटतो. 'तुम्ही मराठीचा कैवार घेता; पण तुमच्या पिढीनेच सामवेदीला, वाडवळीला गावंढळ म्हणून हिणवले नाही का? शाळेत मास्तरांच्या छडीने बोली कुणी सोडवली?' हा आरोप मी खाली मान घालून मान्य करतो. हा लेखसुद्धा मी आईच्या बोलीत लिहिलेला नाही, आणि तो तिला वाचून दाखवताना मला मधूनमधून अर्थ सांगावा लागणार आहे. काल आपण प्रमाण मराठीसाठी बोलीला लाजलो, म्हणून आज आपली मुले इंग्रजीसाठी मराठीला लाजतात. लाज ही अशी वारशाने उतरते. तेव्हा तोडायची असेल तर ती साखळी मुळापासून तोडावी लागेल: बाळाला प्रथम आजीची बोली मिळो, मग मराठी, मग इंग्रजी. वरचा मजला चढवण्यासाठी खालचा पाडायचा नसतो.

यात चर्चचीही जबाबदारी आहे, आणि ती मी आदरपूर्वक परंतु स्पष्टपणे मांडतो. बाहेरून आलेल्या बांधवांसाठी इंग्रजी मिस्सा अवश्य असावी. पण मुलांची मिस्सा आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी इंग्रजीतूनच का? ज्या मुलाने आजीकडून 'नमो मरिया' शिकली ते धर्मशिक्षणाच्या वर्गात मागे का पडावे? आणि लहान मूल मिस्सेत बडबडले की मागे वळून पाहणाऱ्या, आईला बाहेर जायची खूण करणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही माझी विनंती आहे. प्रभूपाशी येणाऱ्या बालकांना शिष्यांनी अडवले, तेव्हा तो शिष्यांवर रागावला होता, बालकांवर नव्हे. त्या बडबडीत उद्याची मराठी प्रार्थना आहे. तिला ओठांवर बोट ठेवून परतवू नका. बोट ठेवण्याचे फळ काय असते, ते मी पाहिले आहे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिव येथे, तेव्हाच्या उस्मानाबादेत, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आपण सर्वांनी ऊर भरून घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढेही वाटले. परंतु मला एक साधा हिशेब मांडू द्या. या त्रैमासिकाची वर्गणी आपल्या घरात कोण भरतो? बहुधा आजोबा. अंक वाचतो कोण? आजी, आई, फार तर बाप. आणखी वीस वर्षांनी तो पोस्टमनने ओटीवर टाकला तर उचलून वाचणारे कुणी असेल काय? मराठी ख्रिस्ती साहित्याचे भवितव्य संमेलनाच्या मंडपात ठरत नाही. ते दोन वर्षांचे मूल भात खात असताना ठरते.

आमच्या घरापुरते सांगायचे तर, त्या दुपारी मी आईपाशी जाऊन बसलो. क्षमा मागणे आमच्या घरच्या रीतीत नाही. मी कळ्या निवडू लागलो. थोड्या वेळाने म्हणालो, "आई, बोल तिच्याशी." आईने विचारले, "कशात?" तो प्रश्न अजून माझ्या कानांत आहे. "तुझ्या बोलीत," मी म्हणालो. तिने लगेच काही उत्तर दिले नाही. इतक्या महिन्यांची सवय. मुकेपणा शिकायला लागतो तसा मोडायलाही वेळ लागतो. लेकीने तर आणखी पंधरा दिवस आजीला "श्श्" केले. मग एका संध्याकाळी ते थांबले.

आता ती दोन वर्षे चार महिन्यांची आहे. तिला 'वॉटर'ही कळते, 'पाणी'ही कळते, आणि आजीचा पाण्यासाठीचा शब्दही. कुणाशी कोणता वापरायचा हे ती एकदाही चुकलेली नाही. क्रुसाची खूण करताना मात्र उजवा-डावा खांदा अजून चुकतो. तो आजी सुधारते, आणि सुधारताना भरपूर बोलते.